लहान मुलांच्या मानेतील जन्मजात गाठी: निदानात आणि शस्त्रक्रियेत या चुका टाळा

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा घसरला आणि सर्दी-खोकला घरोघरी पोहोचला, की नाशिकच्या बाह्यरुग्ण विभागांत एक ठरावीक चित्र दिसू लागते. चार-सहा वर्षांचे मूल, गळ्याच्या बरोबर मध्यावर लाल झालेली आणि हात लावू न देणारी सूज, आणि सोबत आलेल्या आजींचे सांगणे की गाठ परवाच आली. अशा वेळी मी आईला मोबाईलमधले जुने फोटो काढायला सांगतो. वर्षभरापूर्वीच्या वाढदिवसाच्या फोटोत, मान वर करून हसणाऱ्या त्याच मुलाच्या गळ्यावर बोराएवढा उंचवटा बहुतेक वेळा सापडतोच. गाठीचे बीज जन्माबरोबरच आलेले असते. सर्दीने फक्त ती उघडी पाडलेली असते. लहान मुलांवर शस्त्रक्रिया करताना ज्या चुका मी पुन्हा पुन्हा पाहिल्या, आणि ज्यांतली एखादी सुरुवातीच्या काळात माझ्याही हातून झाली, त्या येथे मांडत आहे.

या गाठींचे मूळ थोडे समजून घेतले, तर पुढच्या बहुतेक चुकांचे कारण कळते. गर्भाच्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास थायरॉईड, म्हणजे अवटू ग्रंथी, जिभेच्या मुळाशी तयार होऊ लागते आणि सातव्या आठवड्यापर्यंत मानेत खाली उतरून आपल्या जागी बसते. उतरताना तिच्यामागे एक बारीक नळी राहते आणि ती पुढे आपोआप बुजून जाते. काही मुलांत ती पुरती बुजत नाही. उरलेल्या भागात चिकट द्रव साठतो आणि थायरोग्लॉसल सिस्ट तयार होते. मानेच्या मध्यभागी आढळणाऱ्या जन्मजात गाठींत हीच सर्वाधिक असते. बाजूच्या गाठींची कथा निराळी आहे. गर्भाच्या मानेवर काही काळ कल्ल्यांची आठवण करून देणाऱ्या कमानी आणि त्यांच्यामधल्या खाचा असतात. त्यांतली एखादी खाच पूर्ण मिटली नाही, तर मागे सिस्ट किंवा बारीक छिद्र उरते. त्यांना ब्रँकियल सिस्ट आणि ब्रँकियल सायनस म्हणतात. दोन्ही प्रकारांत बाहेर दिसणारी गाठ हा आजाराचा छोटा भाग असतो आणि तिच्यामागे खोलवर गेलेली वाट हा मोठा भाग असतो. चुका होतात त्या ही वाट विसरल्यामुळे.

मानेतली प्रत्येक गाठ क्षयाची समजणे

आपल्या भागात क्षयरोग आहे, मुलांच्या मानेत क्षयाच्या गाठी होतात आणि जुनी माणसे त्यांना गंडमाळ म्हणत आली आहेत. त्यामुळे मनात क्षयाची शंका येणे चुकीचे नाही. चूक होते ती शंकेवरच उपचार सुरू करण्यात. सहा वर्षांच्या एका मुलीला गळ्याच्या मध्यभागी एकच गाठ होती, वजन व्यवस्थित होते, ताप नव्हता आणि घरात कोणालाही क्षय नव्हता. तरीही तिला एकेटीच्या, म्हणजे क्षयावरच्या, गोळ्या पूर्ण सहा महिने दिल्या गेल्या होत्या. गोळ्या सुरू असताना गाठीतला संसर्ग ओसरून ती लहान झाली, म्हणून निदान बरोबरच होते असे सर्वांना वाटले, आणि पुढच्या पावसाळ्यात ती पुन्हा सुजली.

क्षयाच्या गाठी बहुधा मानेच्या बाजूला असतात, एकापेक्षा जास्त असतात, हाताला एकमेकींत गुंतल्यासारख्या लागतात आणि आठवड्या-महिन्यांत वाढत जातात. गळ्याच्या मध्यरेषेवर एकटीच बसलेली गुळगुळीत गोल गाठ हे क्षयाचे नेहमीचे रूप नव्हे. शंका उरलीच, तर सुईने नमुना घेऊन पेशींची तपासणी आणि सीबीनॅट ही क्षयाचे जंतू शोधणारी चाचणी करून मगच औषधे सुरू करावीत. मात्र येथेही एक फसगत होते. संसर्ग झालेल्या सिस्टमध्ये सुई घातली की पू येतो, आणि अहवालात ‘पू झालेली लसिका ग्रंथी’ असे लिहिले जाण्याची शक्यता असते. सुई कोणत्या जागी घातली आणि सूज मध्यरेषेवर होती की बाजूला, हे चिठ्ठीवर लिहून पाठवले, तर पेशीतज्ज्ञालाही योग्य दिशा मिळते. अनेक ठिकाणांहून येणाऱ्या चिठ्ठ्यांवर ‘नेक स्वेलिंग’ हे दोनच शब्द असतात.

जीभ बाहेर काढायला न सांगणे

या तपासणीला पैसा लागत नाही आणि मिनिटही लागत नाही. मुलाला पाण्याचा घोट गिळायला सांगावे, नंतर तोंड उघडून जीभ शक्य तेवढी बाहेर काढायला सांगावे, आणि दोन्ही वेळा बोट गाठीवर हलकेच ठेवावे. थायरोग्लॉसल सिस्ट हायॉइड हाडाशी, म्हणजे स्वरयंत्राच्या वर असलेल्या कमानीसारख्या छोट्या हाडाशी, आणि त्यातून जिभेच्या मुळाशी जोडलेली असल्यामुळे ती जिभेबरोबर वर सरकते. दोन-तीन वर्षांची मुले सांगितल्यावर जीभ काढत नाहीत. त्यांच्यासमोर आपणच जीभ काढून दाखवली किंवा आईला दाखवायला लावली, की ती नक्कल करतात. रडणाऱ्या मुलात ही तपासणी करून गाठ सरकत नाही असा निष्कर्ष काढू नये.

सरकली तर थायरोग्लॉसल आणि न सरकली तर दुसरे काही, असा सरळ हिशेब मात्र नसतो. मध्यरेषेवरच डरमॉइड नावाची गाठ असते. ती त्वचेखाली उथळ असते, तिच्यात मेणासारखा पांढरट पदार्थ असतो आणि सहसा ती सरकत नाही. परंतु हायॉइडला चिकटलेली असली तर तीही थोडी हलते. शस्त्रक्रियेपूर्वी खात्री झाली नाही, तर मोठ्या शस्त्रक्रियेची तयारी ठेवूनच सुरुवात करावी, कारण डरमॉइड समजून फक्त गाठ काढली आणि ती थायरोग्लॉसल निघाली, तर त्या मुलाला पुन्हा टेबलावर यावे लागते.

दोन-तीन आठवड्यांच्या बाळाच्या मानेच्या एका बाजूला घट्ट गाठ दिसते आणि बाळ डोके एकीकडे कलते ठेवते, तेव्हा ती बहुधा सिस्ट नसते. मानेच्या मोठ्या स्नायूत तयार झालेला तो कठीण भाग असतो. मान हळूहळू ताणण्याच्या व्यायामाने बहुतेक बाळांमध्ये तो वर्षभराच्या आत विरघळतो. त्यावर सुरी चालवण्याची घाई करू नये.

लाल झालेल्या गाठीला चिरा देणे

सुजलेली गाठ पाहिली की कोणालाही ती गळवासारखी वाटते आणि गळवाला चिरा देऊन पू काढणे ही जुनी, समंजस रीत आहे. सिस्टच्या बाबतीत तीच रीत नुकसान करते. चिऱ्यातून पू निघतो आणि मुलाला आराम पडतो, पण सिस्टचे अस्तर आत तसेच राहते. मग त्या जागी छिद्र पडून महिनोन्महिने चिकट पाणी गळत राहते. पुढे मूळ शस्त्रक्रिया करताना सगळे थर एकमेकांना चिकटलेले सापडतात आणि वाट शोधणे अवघड होते. म्हणून संसर्ग झालेल्या गाठीला प्रथम प्रतिजैविके द्यावीत, पू खूपच साठला असेल तर जाड सुईने तो ओढून घ्यावा, आणि हे करूनही भागत नसेल तरच लहानसा चिरा द्यावा. सूज पूर्ण ओसरल्यावर साधारण सहा आठवडे थांबून मूळ शस्त्रक्रिया करावी. हे सहा आठवडे पालकांना फार लांब वाटतात. सूज गेली, म्हणजे गाठही गेली, असे समजून काही जण परतच येत नाहीत. द्राक्षांच्या हंगामात तर हे हमखास घडते, कारण बागेची छाटणी किंवा काढणी सोडून दिंडोरीहून नाशिकला दिवस मोडून येणे सोपे नसते. म्हणून पुढची तारीख कागदावर लिहून द्यावी आणि घरचा फोन नंबरही घ्यावा.

घरगुती उपायांबद्दल थोडे लिहिणे भाग आहे. हळद-चुन्याचा लेप लावला, तर निदान त्वचा फार बिघडत नाही. बिब्बा लावला, तर मात्र कातडी भाजते. त्यातून होणारा डाग कायमचा असतो, आणि भाजलेल्या कातडीखाली नेमकी गाठ कुठवर आहे हे तपासणाऱ्यालाही समजत नाही. ज्या आजी तो लावतात त्यांचा हेतू वाईट नसतो. त्यांच्यावर चिडून बोललो, तर त्या पुढच्या वेळी बिब्बा लावल्याचे सांगणार नाहीत.

थायरॉईड जागेवर आहे की नाही, हे न पाहता गाठ काढणे

ही चूक क्वचित होते, पण झाली तर तिची किंमत मुलाला आयुष्यभर मोजावी लागते. काही थोड्या मुलांत, वैद्यकीय ग्रंथांत शंभरातील १ ते २ असा आकडा दिलेला असतो, थायरॉईड ग्रंथी खाली उतरलेलीच नसते आणि मध्यरेषेवरची ती ‘गाठ’ म्हणजेच त्या मुलाची एकमेव थायरॉईड असते. ती सिस्ट समजून काढून टाकली, तर मुलाला जन्मभर रोज थायरॉक्सिनची गोळी घ्यावी लागते. आणि काढल्याचे कोणाच्या लक्षातच आले नाही, तर वाढ खुंटते आणि अभ्यासात मूल मागे पडू लागते, तेव्हा कोठे प्रकार उघडकीस येतो.

टाळण्याचा उपाय सोपा आहे. प्रत्येक मुलाची मानेची सोनोग्राफी करावी आणि सोनोग्राफी करणाऱ्याला गाठीबरोबरच थायरॉईड आपल्या जागी आणि योग्य आकाराची आहे का, हे अहवालात स्पष्ट लिहायला सांगावे. ‘मध्यरेषेवर सिस्ट’ एवढ्याच ओळीचा अहवाल अपुरा समजावा. थायरॉईड दिसली नाही, तर टीएसएच, म्हणजे थायरॉईडचे काम दाखवणारी रक्तचाचणी, तपासून थायरॉईडचे स्कॅन करावे. साध्या गाठीसाठी सीटी स्कॅनची गरज सहसा नसते. मुलाला उगाच किरणोत्सार देऊ नये आणि पालकांना उगाच खर्चात टाकू नये. आणखी एक बाब येथेच नोंदवतो. मुलांतल्या थायरोग्लॉसल सिस्टमधला द्रव घट्ट आणि प्रथिनांनी भरलेला असल्यामुळे ती सोनोग्राफीत पाण्यासारखी काळीभोर न दिसता भरीव दिसू शकते. भरीव हा शब्द वाचून कर्करोगाच्या भीतीने रात्र-रात्र न झोपलेले पालक मी पाहिले आहेत. या सिस्टमध्ये कर्करोग होतो, पण फार क्वचित होतो आणि झाला तरी बहुधा प्रौढ वयात आढळतो.

दिसणारी गाठ काढून टाके घालणे

या लेखातली सर्वांत महत्त्वाची चूक हीच आहे. फक्त सिस्ट काढून त्वचा शिवली, तर सुमारे निम्म्या मुलांत गाठ पुन्हा उद्भवते. पूर्वी शल्यचिकित्सकांना याचे कारण उमगत नसे. १८९३ मध्ये जर्मनीतील श्लांगे यांनी गाठीबरोबर हायॉइड हाडाचा मधला तुकडाही काढण्याचा मार्ग सुचवला आणि पुन्हा होण्याचे प्रमाण उतरले, पण थांबले नाही. पुढे अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये काम करणारे वॉल्टर सिस्ट्रंक यांनी १९२० मध्ये उरलेला भाग जोडला: हाडाच्या मधल्या तुकड्याच्या वर, जिभेच्या मुळापर्यंत जाणारी वाट तिच्याभोवतीच्या स्नायूंच्या गाभ्यासकट काढायची. ती नळी डोळ्याला दिसेलच असे नसते, तिला बारीक फांद्या असतात आणि ती नाजूकही असते. म्हणून तिला एकटीला सोलत बसण्यापेक्षा भोवतालच्या मांसासकट उचलणे शहाणपणाचे, हा त्यांचा विचार होता. १९२८ मध्ये त्यांनी स्वतःच या पद्धतीत सुधारणा केली. शतक उलटून गेले तरी आज जगभर हीच सिस्ट्रंक शस्त्रक्रिया केली जाते, आणि ती नीट झाली तर गाठ पुन्हा होण्याचे प्रमाण शंभरात दहापेक्षा कमी राहते.

हाड काढायचे म्हटल्यावर पालक हादरतात. हायॉइडचा मधला छोटा तुकडा गेल्याने मुलाच्या बोलण्यात, गिळण्यात किंवा दिसण्यात फरक पडत नाही, हे त्यांना शस्त्रक्रियेच्या आधीच, शक्य झाल्यास चित्र काढून, सांगावे. सांगितले नाही, तर नंतर कागदावर ‘हाडाचा भाग काढला’ हे वाचून त्यांचा विश्वास उडतो.

शस्त्रक्रिया करणाऱ्यांसाठी एक इशारा. लहान मुलाच्या मानेत हायॉइड बरेच वर असते आणि थायरॉईड कूर्चेला (ही ग्रंथी नव्हे, तर स्वरयंत्राची पुढची कूर्चा) इतके चिकटून असते, की बोटाला दोन्हींतला फरक चटकन लागत नाही. कूर्चेलाच हायॉइड समजून कापल्याने स्वरयंत्राला इजा झाल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. हाड तोडण्यापूर्वी वरची आणि खालची कड पूर्ण मोकळी दिसली पाहिजे, कूर्चेची खाच वेगळी ओळखता आली पाहिजे, आणि थोडीही शंका असेल तर हात थांबवून आधी शरीररचना नीट पाहिली पाहिजे. वरच्या बाजूला फार बाहेर गेल्यास जिभेला हालचाल देणारी नस दुखावते. भूलतज्ज्ञाने तोंडातून बोट घालून जिभेचे मूळ खाली दाबून दिले, तर वाट कुठवर न्यायची हे समजणे सोपे जाते. ही जुनी युक्ती आजही उपयोगी पडते.

बाजूच्या गाठींत होणारी गफलत

मानेच्या बाजूला, मोठ्या स्नायूच्या पुढच्या कडेवर, खालच्या भागात टाचणीच्या टोकाएवढे छिद्र आणि त्यातून अधूनमधून येणारे चिकट पाणी ही दुसऱ्या ब्रँकियल खाचेची खूण असते. ब्रँकियल दोषांत हाच प्रकार बहुसंख्य असतो. छिद्र एवढेसे असल्यामुळे ते कातडीपुरतेच आहे असा समज होतो आणि कोणीतरी ते जाळून किंवा टाका घालून बंद करतो. आतली वाट मात्र मानेच्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या मधून टॉन्सिलजवळ घशापर्यंत गेलेली असू शकते. मग मानेत पू साठतो. पूर्ण वाट काढण्यासाठी कधी कधी वरच्या पातळीवर दुसरा आडवा छेद घ्यावा लागतो. पायरीसारखे दोन छोटे छेद एका मोठ्या उभ्या छेदापेक्षा कितीतरी चांगले दिसतात.

अशी छिद्रे दोन्ही बाजूंना असतील, कानाजवळही छोटी खाच असेल किंवा घरात आणखी कोणाला तसेच असेल, तर मुलाची श्रवणचाचणी आणि मूत्रपिंडाची सोनोग्राफी करावी, कारण हे सगळे एकत्र येणारा एक आनुवंशिक आजार आहे. बारीक छिद्रासाठी आलेल्या मुलाला नीट ऐकू येत नाही, हे शाळेनेही ओळखलेले नसते.

कानाच्या खाली किंवा जबड्याच्या कोपऱ्याशी गाठ, आणि कानाचा पडदा शाबूत असूनही कानातून स्राव येत असेल, तर पहिल्या खाचेचा विचार करावा. येथे चेहऱ्याची नस अगदी जवळून जाते, म्हणून हे काम नवख्या हातांनी करू नये. याउलट, डाव्या बाजूला मानेच्या खालच्या भागात पुन्हा पुन्हा गळू होऊन प्रत्येक वेळी चिरा दिला जात असेल, तर घशाच्या आतल्या पायरिफॉर्म खळग्यातून निघणारी वाट शोधली पाहिजे. हा दोष बहुतेक डावीकडेच असतो. सूज ओसरल्यावर केलेला बेरियमचा एक्स-रे आणि भुलेखाली केलेली दुर्बीण तपासणी यांनी तो सापडतो, आणि काही मुलांत आतले तोंड दुर्बिणीतूनच जाळून बंद करता येते.

जी गाठ कापणे गरजेचे नाही, ती कापणे

जन्मतः किंवा पहिल्या दोन वर्षांत दिसणारी मऊ, पिळपिळीत आणि टॉर्चच्या उजेडात उजळणारी गाठ बहुधा लसिकावाहिन्यांची, म्हणजे ऊतींतला पातळ द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांची, असते. तिला पूर्वीपासून सिस्टिक हायग्रोमा म्हणतात. सर्दी झाली किंवा आत रक्तस्राव झाला, की ती एका रात्रीत दुप्पट होते आणि घरच्यांचे धाबे दणाणते. हिच्या फांद्या नसांभोवती आणि रक्तवाहिन्यांभोवती पसरलेल्या असतात, म्हणून ती समूळ काढण्याच्या हट्टात नस दुखावण्याचा धोका असतो. मोठ्या पोकळ्यांच्या गाठीत औषध टोचून त्या आकसवता येतात. जपानमधील ओगिता यांनी १९८७ मध्ये ओके-४३२ या औषधाचा असा वापर मांडला, आणि आपल्याकडे ब्लिओमायसिन बरेच वापरले जाते. बारीक पोकळ्यांची गाठ टोचण्याला तितकी दाद देत नाही. श्वास घेताना घरघर होत असेल, तर मात्र वाट पाहू नये.

तयारीतल्या आणि नंतरच्या चुका

शस्त्रक्रियेच्या आदल्या आठवड्यात सर्दी, ताप किंवा खोकला असेल, तर तारीख पुढे ढकलावी; तारीख जाईल या भीतीने काही पालक खोकला लपवतात आणि तो भुलेच्या वेळी त्रास देतो. उपाशी ठेवण्याबाबत साधारण नियम असा आहे, की घन पदार्थ व गाईचे किंवा डब्याचे दूध सहा तास, आईचे दूध चार तास आणि स्वच्छ पाणी दोन तास आधी बंद करावे. नेमक्या वेळा आपल्या भूलतज्ज्ञाकडून घ्याव्यात. यात सर्वाधिक फसवणारी वस्तू म्हणजे बिस्कीट. मूल रडते म्हणून व्हरांड्यात कोणीतरी मामा किंवा मावशी हळूच एक बिस्कीट देते आणि सकाळची शस्त्रक्रिया दुपारवर जाते.

नंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत जखमेभोवती भरभर वाढणारी सूज, बदललेला आवाज किंवा श्वासाचा आवाज ही आत रक्त साठल्याची लक्षणे असू शकतात, आणि मानेतली अशी सूज श्वासनलिका दाबते. म्हणूनच पेठ-सुरगाण्याकडच्या, घाटरस्त्याने तास-दोन तास जाणाऱ्या कुटुंबांना घाईने घरी सोडू नये. थोडे दुखणे आणि एक-दोन दिवस गिळताना टोचणे मात्र अपेक्षित असते.

खर्चाच्या भीतीने गाठ अंगावर काढण्यापूर्वी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेची मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याला, मुलाचे कागद दाखवावेत. अंगणवाडीत किंवा शाळेत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकालाही गाठ दाखवता येते. ते मुलाला पुढे जिल्हा रुग्णालयाकडे पाठवू शकतात.

काढलेला प्रत्येक तुकडा पॅथॉलॉजीकडे पाठवला पाहिजे आणि तो अहवाल पालकांनी मागून घेतला पाहिजे. त्यात सिस्टचे अस्तर, हाडाचा भाग आणि नळीचे अवशेष यांचा उल्लेख आहे का, हे पाहावे. पुन्हा होणाऱ्या गाठी बहुधा पहिल्या वर्षातच दिसतात, म्हणून टाके सुकल्यानंतरही वर्षभर दर तीन-चार महिन्यांनी मान दाखवावी. जखमेच्या रेषेवर ओलावा, छोटी पुळी किंवा नवा उंचवटा दिसला, तर त्यावर मलम लावत न बसता त्याच फाइलसह पुन्हा यावे. दुसऱ्या शल्यचिकित्सकाकडे जायचे असेल, तरी पहिल्या शस्त्रक्रियेची नोंद आणि पॅथॉलॉजीचा अहवाल सोबत न्यावा, कारण हायॉइडचा तुकडा निघाला होता की नाही, यावरच दुसऱ्या वेळी कुठून सुरुवात करायची हे ठरते.